भूमध्य समुद्राचा आजार

वल्लरीच्या नवऱ्याला उत्तम जर्मन येतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या त्याच्या आईचंही. जर्मन लोकांचं मत वेगळं असावं. पण ती माणसं सभ्य, तोंडावर बोलत नाहीत. उत्कर्ष श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होता आणि गाडीच्या ब्रेकवर तो तासभर जर्मन झाडू शके. बायकोच्या दुखण्याबद्दल बोलायची वेळ आली नव्हती, तोवर त्याचं कुठे अडलंही नव्हतं.

ती वेळ आली २००६च्या उन्हाळ्यात. फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत भरला होता, बाल्कन्यांतून झेंडे लोंबत होते आणि 'जग मित्रांकडे पाहुणं आलंय' अशा पाट्या जिथे-तिथे लागल्या होत्या. पाहुण्यानं मॅच बघावी, बियर प्यावी आणि आपापल्या घरी जावं, हे त्यात धरलेलंच होतं. इथेच घर करून, वर पोटुशी होऊन इस्पितळाच्या दारात येणाऱ्या पाहुण्यांचा विचार पाटी रंगवणाऱ्यानं केला नसावा.

वल्लरीला आठवा सरत आला होता. डोहाळजेवणाच्या दिवशी शैलाताईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या होत्या. चपला पायांत शिरत नव्हत्या. डोकं असं ठणके की पडदे ओढून पडून राहावंसं वाटे.

"पहिलटकरणीला सूज यायचीच," शैलाताई म्हणाल्या. त्यांनाही आली होती, त्यांच्या आईलाही आली होती. एकूण घराण्याचीच सूज ती. पण उजव्या बाजूला बरगड्यांखाली कळ यायला लागली, तेव्हा वल्लरी घाबरली.

"आई, मला डॉक्टरांना दाखवून यायचंय," ती म्हणाली. "आजच."

इस्पितळाच्या प्रसूती विभागात फ्राऊ केम्फ नावाची हेबामे होती. हेबामे म्हणजे सुईण. पण सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी बाई येते ती पुसून टाका. ही चांगली शिकलेली, पांढऱ्या बुटांतली, आणि दिवसाला इतकी बाळंतपणं पाहणारी की बाई दारातून आत येता येता तिला काय झालंय आणि काय झालेलं नाही हे तिला कळत असे. मुख्यतः काय झालेलं नाही ते.

"कसं वाटतंय?" फ्राऊ केम्फनं विचारलं.

आणि वल्लरी हसली. ठाण्याच्या घरात वाढलेली मुलगी. अंगात ताप असला तरी पाहुण्यांना हसून चहा विचारायचा, हे वळण हाडीमासी खिळलेलं. "आलेस गूट," ती म्हणाली, म्हणजे सगळं छान. बोलून गेल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मग ती उत्कर्षकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, डोकं फुटतंय माझं. आणि इथे कळ आली की जीव घाबराघुबरा होतो. नीट सांग."

उत्कर्षनं नीट सांगितलं. "हिचं थोडंसं डोकं दुखतंय," तो जर्मनमध्ये म्हणाला, "आणि पोटातही जरासं."

"अरे, थोडंसं काय थोडंसं? मी थोडंसं म्हटलं का?"

"अगं, परक्यांसमोर एकदम रडगाणं लावलं तर बरं दिसतं का? त्यांना कळतं बरोबर."

त्यांना बरोबर कळलं. जेवणात तिखट होतं का, असं फ्राऊ केम्फनं विचारलं. वल्लरी तीन दिवस दहीभातावर होती, पण उत्कर्ष मनमोकळं हसून म्हणाला, "आम्ही भारतीय ना!" झालं. कळ तिखटाची ठरली. रक्तदाब चढा निघाला, तो मनावरच्या ताणाचा ठरला. सूज उन्हाळ्याची ठरली. बाळाचे ठोके मात्र बाळाचेच होते आणि ते उत्तम होते. "आशियाई बायका किती शांत असतात!" फ्राऊ केम्फ कौतुकानं म्हणाली. "नाहीतर आमच्याकडे येतात एकेक!" आणि त्या शांत बाईला तिनं बडीशेपेचा चहा प्यायला सांगून घरी पाठवलं.

गाडीत वल्लरीला बाळाची भीती वाटत होती, स्वतःची वाटत होती, आणि शेजारी बसून 'बघ, काही नाही निघालं' म्हणणाऱ्या माणसाचा अस्सा राग येत होता की विचारू नका.

दोन दिवसांनी दुपारी ती स्वयंपाकघरात उभी असताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ओट्याचा काठ धरून ती खाली बसली. उत्कर्षला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि इस्पितळाच्या पायरीवर त्याला दम भरला, "आज पदरचं काही घालायचं नाही. मी बोलीन ते शब्दाला शब्द सांगायचं. कळलं?"

"गेनाऊ," उत्कर्ष म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. त्याला ती एवढी चिडलेली झेपत नसे.

त्या दिवशी विभागात गडबड होती. पडद्यापलीकडे एक बाई कळांनी ओरडत होती, अगदी घसा फाडून. फ्राऊ केम्फ आधीच वैतागलेली. वल्लरी या खेपेला हसली नाही. तिनं कपाळ गच्च धरलं आणि ती म्हणाली, "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. आई गं! सांग ना!"

आणि उत्कर्षनं, दिल्या शब्दाला जागून, शब्दाला शब्द सांगितलं, "माझ्या बायकोला काजवे दिसतायत."

भर दुपारी. चुन्यासारख्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत.

फ्राऊ केम्फ आधी खिडकीबाहेर पाहून आली. "काजवे?" ती म्हणाली. "किती काव्यमय!" उत्कर्षला बरं वाटलं, त्याच्या जर्मनला एवढी दाद आजवर कुणी दिली नव्हती. तेवढ्यात बरगडीखाली कळ आली आणि वल्लरी मोठ्यानं विव्हळली. आशियाई बाईनं आवाज काढला! फ्राऊ केम्फचं परवाचं कौतुक तिथल्या तिथे आटलं. तिनं बाळाचे ठोके पाहिले, ते उत्तमच होते. आईचा रक्तदाब कालपरवाच पाहिला होता, पुन्हा कशाला? दारात आलेल्या तरुण डॉक्टरला तिनं डोळ्यानं आधी पडदा दाखवला, मग वल्लरी दाखवली आणि आवाज खाली न आणता म्हणाली, "आज एकदम दोन केसेस. मोर्बुस मेडिटेरानेउस." तरुण डॉक्टर हसला आणि निघून गेला. वल्लरीला पुन्हा चहा मिळाला, आणि 'तिखट कमी' हा सल्ला.

उत्कर्ष मात्र हरखला. "निदान झालं!" तो बाहेर येऊन म्हणाला. "लॅटिन नाव आहे, मोर्बुस म्हणजे आजार. उगाच नाही लॅटिनमध्ये बोलत हे लोक. आणि एकाच दिवशी दोन केसेस, म्हणजे साथ दिसतेय."

"मग औषध काय दिलं?" वल्लरीनं विचारलं.

"चहा दिला की."

घरी पोचताच त्यानं मिरजेला राजाभाऊमामांना फोन लावला. राजाभाऊमामा शैलाताईंचे सख्खे भाऊ, तिथले जुने डॉक्टर. ऐकू कमी येई, पण निदानाला पक्के. "मेडिटेरेनियन?" ते फोनवर ओरडले. "म्हणजे भूमध्य समुद्र! अरे, हा थॅलॅसेमिया! तिकडच्या लोकांत असतो, रक्ताचा आजार. साथबीथ काही नाही, जन्मजात असतो. पोराला होऊ शकतो, बरं का! तू पण रक्त तपासून घे!"

शैलाताईंना जन्मजात वगैरे पटेना. "जन्मजात कसला? मागल्या वर्षी व्हेनिसला जाऊन त्या गटारासारख्या पाण्यात नावेतून फिरत होतात ना? फोटो पाहिले तेव्हाच म्हटलं होतं मी. तिथेच लागलंय हे!"

"अहो आई, व्हेनिसला तुमचा मुलगाही होता," आतल्या खोलीतून वल्लरी क्षीण आवाजात म्हणाली.

"त्याची प्रकृती पहिल्यापासून दणकट," शैलाताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी निम्म्या जर्मनीतल्या मराठी घरांत पोचली. उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावाहून ओळखीतल्या अरुंधतीचा फोन आला की तिच्या ऑफिसातल्या एका ग्रीक बाईला हेच होतं आणि ती ऑलिव्ह तेलानं बरी झाली. शैलाताईंनी लगेच ऑलिव्ह तेल आणवलं. आणि वल्लरी अंधार केलेल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून ऐकत होती. ती आता मरणार, पोटातलं बाळही जाणार, आणि बाहेर ही माणसं व्हेनिसच्या पाण्यावर वाद घालत बसणार, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. तिनं बाळाला हात लावून पाहिला. बाळानं आतून पाय मारला, तेव्हा तिला रडू फुटलं.

सकाळी तिला उलटी झाली. तोंड धुऊन वर पाहिलं तर समोर उभ्या उत्कर्षचा अर्धाच चेहरा दिसत होता. "तुझा दुसरा डोळा कुठाय?" ती म्हणाली. आता मात्र उत्कर्षची पाचावर धारण बसली.

इस्पितळात त्या सकाळी नशिबानं विभागातले मोठे डॉक्टर, डॉक्टर लांग, स्वतः होते. फ्राऊ केम्फ मागे उभी होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आधीचा काही आजार?"

"जा," उत्कर्ष गंभीरपणे म्हणाला, म्हणजे हो. "मोर्बुस मेडिटेरानेउस."

डॉक्टर लांग यांचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"मोर्बुस मेडिटेरानेउस. काल इथेच निदान झालं, या फ्राऊ केम्फनी केलं." उत्कर्षनं आदरानं तिच्याकडे हात केला. "आमचे मामा डॉक्टर आहेत, ते म्हणतात हा आजार बाळालाही होतो. मला एवढंच विचारायचंय की माझंही रक्त तपासायचं का? आणि व्हेनिसमध्ये लागण होऊ शकते का?"

वल्लरीला एकाच बाजूचं दिसत होतं, पण त्या बाजूला डॉक्टर लांग यांचा कान होता आणि तो लालबुंद होत गेलेला तिनं पाहिला. तिला वाटलं, आजार फारच वाईट असणार. डॉक्टर एकदाच मागे वळले. फ्राऊ केम्फ जमिनीकडे पाहत होती.

"आल्झो, तर मग," डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "आपण सगळं पुन्हा तपासू. अगदी सगळं." लाज वाटली म्हणून असेल, पण त्या माणसानं रक्तदाबाचा पट्टा स्वतःच्या हातानं बांधला. मग तो उत्कर्षकडे न बघता वल्लरीकडे वळला आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर बोटं लुकलुक हलवून त्यानं विचारलं, "असं दिसतं का?"

"जा," वल्लरी म्हणाली. "जा, जा, जा!"

झालं, एवढंच. त्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं आणि काजव्यांचं काव्यही ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त तिला विचारलं.

यंत्रावरचा आकडा पाहून त्याच्या कानाची लाली उतरली आणि चेहरा पांढरा पडला. मग जी पळापळ झाली! रक्त नेलं, सलाइन लावलं. गरोदरपणातला रक्तदाब यकृतापर्यंत पोचला होता आणि रक्त गोठायचं बंद व्हायच्या बेतात होतं. आणखी अर्धा दिवस ऑलिव्ह तेलावर काढला असता तर मायलेकरं दोघंही गेली असती, हे डॉक्टरांनी उत्कर्षला फार सभ्य शब्दांत सांगितलं. ऑपरेशनला नेताना बांगड्या निघेनात. तेव्हा फ्राऊ केम्फनं कापडात मनगट धरून त्या एकेक करून फोडल्या. "फोडल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं," शैलाताई दाराबाहेर रडत उत्कर्षला सांगत होत्या, आणि हे भाषांतर करायचं की नाही ते त्याला कळेना.

मुलगी झाली, मूठभर वजनाची. जन्मल्यावर ती रडलीच नाही, आणि बऱ्याच वेळानं रडली ती मांजरीच्या पिलाएवढ्या आवाजात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

वल्लरी शुद्धीवर येऊन जरा बोलण्याजोगी झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवर गुल्शेन होती. पडद्यापलीकडे ओरडत होती तीच ही. आईवडील तुर्की, पण ही जन्मली श्टुटगार्टात, नोकरीला बँकेत, आणि बोलायची ती तिथली गावरान श्वाबियन. बोलण्याच्या ओघात वल्लरीनं आपल्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "तुलापण तोच आजार निघाला ना गं? मोर्बुस मेडिटेरानेउस?"

गुल्शेन आधी टाके सांभाळत खूप हसली. मग म्हणाली, "अगं, तो आजार नाही. ती चेष्टा आहे. आम्ही दक्षिणेकडचे लोक, आम्हाला झालेलं काही नसतं, नुसते गळे काढतो, असं म्हणायचं असलं की हे लोक असं म्हणतात. मी अस्सल श्वाबियनमध्ये ओरडत होते की मूल येतंय, मूल येतंय. तरी मी मेडिटेरेनियन! शेवटी मूल खोलीबाहेरच झालं, वाटेतच." मग तिनं वल्लरीला विचारलं, "पण तुला कसा झाला? तुमचा समुद्र तर वेगळा."

"नकाशा कच्चा असेल," वल्लरी म्हणाली. आणि मग तिच्या अंगाची आग आग झाली. ती दोनदा दारात आली होती. चूप बसली तेव्हा काही झालं नव्हतं, आणि विव्हळली तेव्हाही काही झालं नव्हतं. मग आवाज काढायचा तरी कुठल्या पट्टीत?

उत्कर्षला तिनं हे सांगितलं नाही. का, ते तिचं तिला ठाऊक.

काही आठवड्यांनी बाळाला घरी न्यायचा दिवस आला. निरोपाला डॉक्टर लांग आले, त्यांच्याबरोबर फ्राऊ केम्फ आली. तिनं स्वतः विणलेली गुलाबी टोपी आणली होती आणि आपल्या हातानं बाळाला घातली. डॉक्टरांनी छोटं भाषण केलं. झाला तो भाषेचा घोळ होता, असं ते म्हणाले. इस्पितळानं तो फार मनावर घेतला होता. आता दारात बारा भाषांत 'सुस्वागतम्' असा फलक लागणार होता, आणि शरद ऋतूत 'परक्या संस्कृती आणि वेदना' या विषयावर एक संध्याकाळ ठेवली होती, तिला वल्लरीनं साडी नेसून यावं अशी सगळ्यांची फार इच्छा होती. शैलाताईंना समोसे जमतील का, असंही त्यांनी विचारलं.

"डांके," उत्कर्ष भारावून आभार मानत म्हणाला. मग त्यानं हातातला डिस्चार्जचा कागद पुढे केला. "फक्त यात एक राहिलंय. आजाराचं नाव. इथे मोर्बुस मेडिटेरानेउस कुठेच लिहिलेलं नाही."

डॉक्टर लांग यांचा तो कान पुन्हा लाल व्हायला लागला. "त्याची गरज नाही," ते म्हणाले.

"गरज कशी नाही? पुढच्या खेपेला कोणी विचारलं तर? मुलीचंही तपासायचंय. तुम्ही लेखी द्या, सही-शिक्क्यानिशी." हा मूळचा सदाशिव पेठेतला, लेखी मिळाल्याशिवाय हलणार नव्हता.

डॉक्टरांनी मदतीसाठी वल्लरीकडे पाहिलं. नवऱ्याला आवरेल, अशी आशा. वल्लरी हसली. ठाण्याच्या घरातलं, पाहुण्यांना चहा विचारतानाचं हसू. "बिट्टे," तिनं विनंती केली, "लेखी."

मग डॉक्टर लांग हळूच म्हणाले, "असा आजारच नाहीये."

"नाहीये?" वल्लरी म्हणाली. पुढचं वाक्य तिनं खाटेवर पडल्या पडल्या किती दिवस घोकलं होतं, त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. "मग ज्या दिवशी मला काजवे दिसत होते, त्या दिवशी तुम्ही मला कुठला आजार झाला म्हणून घरी पाठवलंत?"

उत्कर्ष एकदा डॉक्टरांकडे, एकदा फ्राऊ केम्फकडे, एकदा बायकोकडे पाहत राहिला आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. हे नाव आपण मिरजेपासून उंटरश्लाइसहाइमपर्यंत कौतुकानं सांगत सुटलो होतो, आणि त्याआधी 'थोडंसं' आणि 'जरासं' आपणच घातलं होतं, हेही त्याला आठवलं असावं. त्यानं तो कागद खाली ठेवला.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आता काही मांजरीचं पिलू राहिलं नव्हतं. चांगलं भोकाड पसरलं. फ्राऊ केम्फ सवयीनं वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "शू, शू! काय हे नाटक, छकुले? काही झालेलं नाहीये तुला."

"आधी बघा," वल्लरी म्हणाली. आवाज चढवून, पार बाहेरपर्यंत ऐकू जाईल असा. "आधी काय होतंय ते बघा!"

फ्राऊ केम्फचा हात थांबला. मग तिनं बाळाची हनुवटी बोटानं अलगद वर केली आणि पाहिलं. टोपीची नाडी गळ्याशी रुतली होती.